सोल्डर धरत नाही

निघोजे
९ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई यशोदाबाई टेकाळे यांना कौशल्याबाई येळवंडेचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे खुशाल आहेत. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. वर घर, खाली सोल्डरिंगचं युनिट, मधे उघडा जिना. मी वर बोलले की खाली टेबलांवरच्या सगळ्या बायांना ऐकू जातं, आणि त्यांच्यातच तुमची लेक बसलेली असते. मोबाईलवर लिहावं तर माझा मोबाईल तुमच्या जावयाच्या हातात जास्त असतो. समर्थला काही कळलं की ते त्याच्या बायकोला कळलंच. म्हणून खंडूच्या टेम्पोत हे पत्र देतेय. तो आमचे सर्किट बोर्ड तळेगावच्या कंपनीत टाकायला येतोच, वाटेत तुमच्या दारात थांबेल.

गोष्ट कामाची आहे. पाडव्याला मी युनिटचा चार्ज स्वरूपाच्या हातात दिला, तुम्हाला ठाऊकच आहे. सोल्डरच्या एका गनवर, ओसरीत पाट टाकून सुरू केलेलं काम मी सुनेच्या हवाली केलं, ते काही सुखासुखी नाही. तिनं आल्या आल्या बायांची पद्धत बदलली. आम्ही पार्ट डकवायला गनच्या टोकावर सोल्डरची वायर वितळवून घ्यायचो आणि जिथं हवं तिथं नेऊन लावायचो. ही म्हणते, आधी बोर्डावरचं पॅड, म्हणजे तांब्याची चकती, आणि पार्टचा पाय दोन्ही तापवा, मग वायर लावा. मी गप्प बसले. गणपतीत तिनं शिशाची वायर बंद करून बिनशिशाची आणली, कंपनीला तीच हवी म्हणून. तरी गप्प बसले.

आता दसऱ्यापासून एकही लॉट धड नाही. सोल्डर धरतच नाही. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरचे बोर्ड आहेत, इथं टेस्टिंगला दिवा लागतो आणि तिथं नेऊन बोटानं टकटक केली की विझतो. कंपनीचे जयसिंग साहेब आहेत, त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला. सतरा तारखेला स्वतः येणार आहेत. तेव्हाही असंच दिसलं तर काम दुसऱ्या युनिटला जाईल, असं स्पष्ट कळवलंय.

युनिटमध्ये दुसरं काहीच बदललेलं नाही. उलट खंडेनवमीला मी स्वतः सगळ्या गन खोलल्या, बिटं, म्हणजे पुढची टोकं, काढली, चिंचेच्या पाण्यात भिजवून पॉलिश पेपरनं घासली. काळी ठिक्कर पडली होती बिचारी. अशी लख्ख झाली की आमच्या कामावरची चतुराबाई म्हणाली, देवघरातल्या समयांच्या पंगतीला बसवा. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नैवेद्य, सगळं साग्रसंगीत केलं. एवढी सेवा केल्यावर हत्यारं रुसतील कशाला? तेव्हा दोष माणसात आहे, आणि माणूस कोण ते मी लिहायला नको.

माझा विचार असा आहे की दिवाळीनंतर चार्ज काढून घ्यावा. भोसरीच्या एक अनुभवी बाई आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. स्वरूपा भाऊबीजेला तुमच्याकडे येईल तेव्हा चार दिवस जास्तच ठेवून घ्या. तुम्ही आई आहात, तुम्ही समजावलंत तर तिला लागणार नाही. पोर गुणी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमची
कौशल्याबाई


तळेगाव दाभाडे
१० ऑक्टोबर

कौशल्याबाई, नमस्कार.

खंडूनं पाकीट दिलं आणि चहा न घेता पळाला, त्यावरूनच ओळखलं की आत काही बरं नाही. वाचून आधी राग आला. तो बाजूला ठेवून लिहायला बसलेय, तरी कुठे सांडला असेल तर पुसून घ्या.

लेकीला चार दिवस जास्त ठेवून घ्या, हे वाक्य मी दोनदा वाचलं. वाक्य पाहुणचाराचं आहे आणि अर्थ हकालपट्टीचा आहे. लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे, तुम्ही विहिणीला बोलून सुनेला लावायचं काढलंय. ते माझ्याकडून होणार नाही. स्वरूपाला चार्जवरून काढायचं असेल तर तुम्ही तिच्यासमोर बसून काढा, आणि दोष तिचा आहे हे आधी दाखवा. मी भोसरीच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर केस पांढरे केले. तिथं कारण सापडल्याशिवाय माणसाचं नाव लिहायची पद्धत नव्हती.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तुमच्या मनात आलं असेल. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं, आणि ते बघून घ्यायला काही लागत नाही.

पाडव्यापासून स्वरूपा तीच पद्धत शिकवतेय आणि दसऱ्यापर्यंत तुमचा माल पास होत होता. मग तीच पद्धत एकाएकी बिघडली कशी? आणि पद्धत म्हणाल तर तिची बरोबर आहे. वायरीच्या पोटात फ्लक्स असतो. तो पॅडवरचा मळ खातो, म्हणून सोल्डर चिकटतं. तुम्ही गनवर वितळवून नेलंत तर तो वाटेतच जळून धूर होतो. शिशाच्या वायरीत ते खपून जायचं, बिनशिशाच्या वायरीत खपत नाही.

आता तुम्ही एवढं करा. परत आलेला एक बोर्ड उजेडात धरा. जॉइंट नुसता मळकट दिसतो म्हणून त्याला नावं ठेवू नका, बिनशिशाचा जरा निस्तेजच दिसतो. त्याची कड बघा. सोल्डर पायापासून पॅडवर उतरत पसरलंय, की अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसलंय? गोळा असेल तर ते धरलेलंच नाही, नुसतं टेकलंय. टकटक केल्यावर दिवा विझतो तो म्हणूनच.

गोळा होण्याची कारणं मोजकी असतात. पॅड मळलेलं असेल, म्हणजे बोर्ड उघडे पडले असतील किंवा कोणाचे घामट हात लागले असतील. वायर खराब असेल. उष्णता कमी पडत असेल किंवा फार होत असेल. तर बंद पाकिटातला नवा बोर्ड काढा आणि बाकी सगळं तेच ठेवून बघा. मग वायर तेवढी बदला आणि बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र शपथ घातल्यासारखं पाळा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशानं निस्तरलं ते देवालाही सांगता येणार नाही.

फोनवर मी स्वरूपाला विचारलं, सगळं बरं ना? ती म्हणाली, बरं आहे. तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नसावं, आणि सध्या तसंच राहू दे.

यशोदा टेकाळे


निघोजे
१३ ऑक्टोबर

विहीणबाई,

सांगितलंत तसं सगळं केलं. तुमचा राग इकडे पोचला, पण मीही सून होते आणि मला राग पचवायची सवय आहे.

परत आलेले बोर्ड अंगणात उन्हात नेऊन बघितले. गोळाच आहे. अळवाच्या पानाचं म्हणालात ते अगदी बरोबर. मग बंद पाकिटातला नवा बोर्ड चतुराबाईला दिला, तिच्याच गनवर, तीच वायर. तसाच गोळा. मग कपाटातून शिशाची जुनी वायर काढून दिली. थोडं बरं, पण धरलं असं म्हणता येणार नाही. गनचं म्हणाल तर बाया कंटाळून उष्णतेचा नॉब वर चढवतात आणि स्वरूपा येऊन खाली करते. दिवसभर तोच खेळ. परवा एका बोर्डाचं पॅडच उष्णतेनं उचकटून आलं.

तेव्हा मी शनिवारी दुपारी बायांना जेवायला पाठवलं आणि स्वतः बसले. माझी पहिली गन माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आहे, ती काढली. पूजेच्या दिवशी माळ्यावरून काढायची राहूनच गेली होती, तिला ना हळद ना कुंकू, धूळ खात पडली होती. नवा बोर्ड घेतला, हीच बिनशिशाची वायर घेतली, आणि माझ्या जुन्या पद्धतीनं सोल्डरचे टाके मारले. यशोदाबाई, काय सांगू! एकेक टाका असा उतरला की बघत राहावं. नखानं ओढला तरी हलत नाही. बोर्ड जमिनीवर आपटला तरी दिवा लागलेलाच.

हातच्या काकणाला आरसा कशाला? वायर तीच, बोर्ड तोच. बदलला तो हात आणि बदलली ती पद्धत. तुमच्याच नियमानं सिद्ध झालं की शिकवणं चुकलंय.

मला यात आनंद नाही, खरंच सांगते. त्या दिवशी संध्याकाळी स्वरूपा माझ्या ताटात भाकरी वाढत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. भोसरीच्या बाईंना मात्र मी होकार कळवतेय. आज नवा लॉट पाठवलाय, बायांनी केलेला. तो पास होईल अशी आशा नाही, पण हातावर हात ठेवून बसून राहण्यापेक्षा बरं.

कौशल्याबाई


तळेगाव दाभाडे
१४ ऑक्टोबर

कौशल्याबाई,

भोसरीला होकार कळवला नसेल तर कळवू नका. कळवला असेल तर खंडूला वाटेतूनच तिकडे वळवा.

तुमच्या हाताचं मला कौतुक आहे. ज्या बाईनं ओसरीतल्या एका गनवरून घर उभं केलं तिचा हात चांगला असणारच. पण तुम्ही एक गोष्ट बदललीत असं लिहिलंय आणि बदलल्या आहेत तीन. हात बदललात, पद्धत बदललीत आणि गनही बदललीत. शपथ मोडलीत. अर्थात मोडलीत ते बरं झालं, कारण तिसरी गोष्ट तुम्ही ज्या सहजतेनं लिहून गेलात ती वाचून मी उठून उभी राहिले.

मग तुमचं पहिलं पत्र काढलं. तेव्हा मी रागात होते, पूजेचं वर्णन वरवर वाचून पुढे गेले होते. तपासणीच्या टेबलावर असं वाचलं असतं तर आमच्या साहेबांनी मला घरी पाठवलं असतं.

कौशल्याबाई, बिट आतून तांब्याचं असतं. त्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, आणि सोल्डर त्या मुलाम्याला धरतं. तो काळेपणा वरचा असतो. ओल्या स्पंजवर पुसून थोडी वायर लावली की जातो. देवाची भांडी घासावीत तसं चिंच आणि पॉलिश पेपर घेऊन बिट घासलं तर काळेपणाबरोबर मुलामाही निघतो. आतलं तांबं उघडं पडतं आणि तेच तुम्हाला लख्ख दिसलं. गन तापली की ते तांबं जळून त्याच्यावर खपली धरते. त्या खपलीतून उष्णता बोर्डापर्यंत जात नाही. बायांना वाटतं गन थंड आहे, त्या नॉब चढवतात. मग फ्लक्स जळतो, पॅड उचकटतं, सोल्डर गोळा होतं. स्वरूपा नॉब खाली करत होती ते योग्यच करत होती.

माळ्यावरची गन पूजेतून वाचली, म्हणून ती चालली. तिच्यावर तुमच्या जुन्या पद्धतीनंही टाके उतरले, कारण बिट चांगलं होतं आणि हात तयार होता.

माझ्या शब्दावर जाऊ नका. गन तापवा आणि टोकाला वायर लावा. चांगल्या बिटावर ती चकाकत पसरेल. घासलेल्या बिटावर थेंब होऊन घरंगळून पडेल. उद्याच करा, सतरा तारीख दारात आली आहे. तोवर चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

यशोदा टेकाळे


निघोजे
१५ ऑक्टोबर

विहीणबाई,

आमच्या घरात चार पिढ्या खंडेनवमी होतेय. विळा-कोयता, नांगर, माप, सगळं घासूनपुसून मांडायचं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं. पूजेनं नुकसान झालं असं या गावात कोणी ऐकलेलं नाही. तुमचं पत्र वाचून मी ते चुलीत टाकणार होते. गॅस आहे म्हणून राहिलं.

दुपारी बाया जेवायला गेल्यावर एकेक गन तापवून बघितली. वायर थेंब होऊन खाली पडते. स्वरूपाच्या टेबलावर तेच, त्याच्या शेजारी तेच. चतुराबाईच्या गनवर मात्र नीट पसरली, का ते कळत नाही, मी तर तिचंही बिट माझ्या हातानं घासलंय. बाकी सगळी गेली.

नांगराला घासलं तर नांगर चांगला होतो. हे असलं नाजूक हत्यार असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता माझं ऐका. नवी बिटं मी उद्या गुपचूप मागवते आणि स्वतः बसवते. साहेब येतील तेव्हा काम सुधारलेलं दिसेल. भोसरीच्या बाईंना नाही म्हणून कळवलंय. स्वरूपाचा चार्जही तिच्याकडेच राहील, तुमचं समाधान होईल. फक्त हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. ज्या बायांना मी गन धरायला शिकवलं त्यांच्यासमोर मी कशी उभी राहू, तुम्हीच सांगा.

कौशल्याबाई


तळेगाव दाभाडे
१६ ऑक्टोबर

कौशल्याबाई,

नाही.

स्वरूपाच्या शिकवण्यामुळे माल परत येतो, असं त्या बायांना दसऱ्यापासून वाटतंय. तुम्ही बोलला नसाल, पण तुमच्या तोंडाकडे बघून त्यांना ते कळलं असणार. तुम्ही गुपचूप बिटं बदललीत आणि माल सुधारला तर त्या म्हणतील, सासूबाई बसल्या आणि निस्तरलं. चार्ज नावाला माझ्या लेकीकडे राहील आणि तिचं कोणी ऐकणार नाही. यापेक्षा तुम्ही तिला काढलेलं परवडलं.

तुम्ही कशा उभ्या राहाल ते मी कसं सांगू? पण मी तुम्हाला लग्नाच्या मांडवात बघितलंय. आचारी पळाला तेव्हा तुम्ही पदर खोचून सगळ्या पंगतीसमोर म्हणालात, चूक आमची आहे, बसा, जेवल्याशिवाय कोणी उठायचं नाही. ती बाई विहीण मिळाली म्हणून मी त्या दिवशी निर्धास्त झाले होते.

यशोदा


निघोजे
१८ ऑक्टोबर

प्रिय आई,

माझ्या हातचं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. वाटू दे. तू सासूबाईंना लिहिलेली पत्रं मी काल वाचली. त्यांनीच आणून दिली, आपण तुला काय लिहिलं होतं तेही सांगितलं, आणि शेजारी बसून राहिल्या. तुम्ही दोघी माझ्यापासून लपवत होतात, पण ते पाकीट दर वेळी मीच बांधलेल्या खोक्यांवर बसून जात होतं आणि खंडूला गुपित ठेवता येत नाही. आत काय लिहिलंय ते तेवढं माहीत नव्हतं.

आधी कालचं सांगते. जयसिंग साहेब सकाळीच आले, तेरा तारखेचा लॉट बरोबर घेऊन. बोर्ड टेबलावर पसरले आणि म्हणाले, यात एक गंमत आहे. ज्या बोर्डांच्या कोपऱ्यात मार्करचा हिरवा ठिपका आहे ते सगळे पास, बाकीचे बहुतेक नापास. हा ठिपका कसला? चतुराबाईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगणार, तेवढ्यात सासूबाई जिन्यावरून खाली आल्या. सगळ्या बायांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि साहेबांना म्हणाल्या,

"माझ्या हातनं झालंय, साहेब. देवाची भांडी घासतात तशी बिटं घासली म्या. सूनबाईनं दोनदा सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई."

साहेब वयानं लहान, त्यांना कुठे बघावं ते कळेना. सासूबाईंनी टेबलाची कड धरून ठेवली होती ते मला दिसलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की रडू यायला लागलं.

हो आई, मी दोनदा सांगितलं होतं. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी गन तापवली, टोकाला वायर लावली आणि ती घरंगळली. मला लगेच कळलं. स्वयंपाकघरात त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, देवाच्या कामात खोट काढू नगं. लॉट परत आल्यावर मी पुण्याहून नवी बिटं आणली आणि पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, पूजेतली हत्यारं दिवाळीपर्यंत बदलायची नसतात. बायांसमोर त्यांच्याशी वाद घालणं मला जमलं नसतं, घालायचाही नव्हता. मग शनिवारी चतुराबाईला विश्वासात घेऊन तेवढ्या एका गनचं बिट बदललं. तिनं केलेल्या बोर्डांवर ठिपका दिला. म्हटलं, मी बोलून कोणी ऐकत नाही, तर बोर्ड बोलतील. तेव्हा तुझा शोध बरोबर होता, आई. फक्त तो आधीच लागलेला होता.

साहेबांनी सांगितलं, दिवाळीनंतरचा लॉट असा सगळा ठिपक्याचा असेल तर काम इथंच राहील. ते गेल्यावर सासूबाई माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं, आता वर जातील आणि दोन दिवस बोलणार नाहीत. त्या म्हणाल्या,

"आता काय करायचं? तू सांग."

मी सांगितलं. सगळी बिटं बदलायची, नॉब मी ठरवेन तिथंच राहील, काम संपलं की टोकाला सोल्डरचा लेप देऊनच गन बंद करायची, आणि परत आलेला प्रत्येक बोर्ड पुन्हा हाताखालून काढायचा. ज्यांची पॅडं उचकटली ते बाद. सगळं ऐकून त्या दुसऱ्या नंबरच्या टेबलावर बसल्या आणि बोर्ड दुरुस्त करायला घेतले. सुरुवातीचे टाके सवयीनं जुन्याच पद्धतीनं मारायला लागल्या. मी त्यांचं मनगट धरून थांबवलं आणि म्हटलं, आधी पॅड तापवा. त्यांनी पॅड तापवलं.

संध्याकाळपर्यंत अर्धे बोर्ड झाले. कोणाचा नॉब कोणी चढवला नाही. भाऊबीजेला मी येईन, पण सकाळी येऊन संध्याकाळी परत जाईन, लॉट सोडून राहता यायचं नाही. दादाला सांग, ओवाळणी तयार ठेव.

आता तुझ्याशी भांडते. तू माझ्यासाठी किती छान लिहिलंस. ते 'नाही' वाचून मी मोठ्यानं हसले आणि समर्थला वाचून दाखवलं. कोणाची आई असं लिहील? पण आई, माझ्या हातात गन आहे, मी रोज त्या टेबलावर बसते, दोष माझ्यावर आला होता, आणि तुम्ही दोघींनी निघोजे ते तळेगाव इतकी पत्रं पाठवली. त्यातलं एकही मला नाही. सासूबाईंनी मला विचारलं नाही, कारण त्यांना मी चुकलेय असं वाटत होतं. तुला तर मी बरोबर आहे अशी खात्री होती. मग तू का विचारलं नाहीस? फोनवर 'सगळं बरं ना?' म्हणतेस, त्यात 'बरं' हे उत्तर तूच घालून देतेस. माझ्याकडे फक्त हो म्हणणं उरतं. खरं सांगू, त्या दिवसांत मला कोणाशी तरी बोलायचं होतं. वर खाली दोन्हीकडे माणसं होती आणि बोलता येईल असं कोणी नव्हतं. फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून रडले होते.

काल सासूबाई म्हणाल्या, तू सांग. तू कधी म्हणशील?

तुझी
स्वरूपा


तळेगाव दाभाडे
१८ ऑक्टोबर

चि. स्वरूपास आशीर्वाद.

खंडूला दारात उभा करून लिहितेय. आज त्याला चहाही दिला आहे आणि पत्र हातात पडल्याशिवाय जाऊ नकोस असं बजावलंय.

तुझं वाचलं. तुझ्या वडिलांनाही वाचून दाखवलं, ते मधेच उठून अंगणात गेले. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्या माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे गेल्या हे कबूल करायला मला जड जातंय, पण गेल्या.

बोर्डांबद्दल मी आज काही विचारत नाही, ते तुझ्या हातात नीट आहेत. पोरी, तू कशी आहेस? जिन्यात बसून रडलीस त्या दिवसापासून सगळं सांग. कितीही लांबलं तरी चालेल. मी मधे बोलणार नाही.

आई